पाठमोरी खुर्ची

"पुढचा," मी म्हणालो.

"सर, अस्मिता काळेल. चालू करते."

"कर."

मी डोळे मिटले. घराच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून मी बसलो होतो, आणि माझ्या मागे स्टुलावर, पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा होता. मागे म्हणजे अगदी पाठीमागे. फोनकडे तोंड करून मी शिकवणार नव्हतो. वर्कशॉपमध्येही मी मुलांकडे पाठ करूनच बसायचो, मग यंत्राचे काय जास्त लाड करायचे?

मी कान दिला. काहीच आलं नाही. कानशीची खरखर नाही, बुटाची करकर नाही. आत बायकोने, इंदूने आमटीला फोडणी दिली, तेवढी ऐकू आली. दीड मिनिट गेलं.

"सर, झाले पन्नास."

आवाज एकदम स्वच्छ, आकाशवाणीवरच्या बाईसारखा.

"पन्नास काय झाले?"

"हात, सर. पन्नास हात मारले."

"कशावर? हवेवर?"

फोनमधून पाच-सहा जण हसल्याचं ऐकू आलं. मुलगी म्हणाली, "लोखंडावरच मारले, सर. इथं जरा—"

"कारणं नकोत. घरात एवढी शांतता आहे तुझ्या, टाचणी पडली तरी ऐकू येईल. अभ्यासाला असं घर नशिबाने मिळतं. उद्या नीट कर. पुढचा!"

पुढचा विश्वजीत गोरड होता. त्याने "चालू करतो सर" म्हटलं आणि माझ्या पाठीमागे कानस बोलायला लागली. पुढे जाताना भरदार, मागे येताना उचललेली, मधे एक श्वास. सतराव्या हाताला किंचित घसरली आणि पुन्हा सुरावर आली. मी वहीत त्याच्यापुढे दहापैकी नऊ लिहिले.

मी आनंदराव सुतार. नाव सुतार आणि काम लोखंडाचं, ही थट्टा ऐकत तोवर माझी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये गेली होती. माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मी फिटर ट्रेडचा निदेशक होतो. फिटरचा पहिला धडा म्हणजे कानस मारणं. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि कानशीने घासून तो सपाट करायचा. ऐकायला सोपं आहे. करायला गेलं की महिनाभर तळहात सोलतात आणि तुकड्याला मधे पोट येतं, कारण नवशिक्याची कानस होडीसारखी डुलते.

मी कारखान्यात उमेदवारी करत होतो तेव्हा बाबूराव मिस्त्री नावाचे उस्ताद आमच्याकडे पाठ करून बसायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, "तिसऱ्या नंबरचा, कोपर खाली." ती विद्या मी त्यांच्याकडून घेतली आणि तिचा मला माज होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. वर्कशॉपमध्ये माझी एक लाकडी खुर्ची होती, भिंतीकडे तोंड केलेली. तिच्यावर बसून मी पेपर वाचायचो आणि न बघता अठरा पोरांच्या चुका काढायचो. पोरं घाबरायची. बाहेरगावचे निरीक्षक आले की प्राचार्य त्यांना मुद्दाम माझा हा खेळ दाखवायला आणायचे.

त्या वर्षी निवडणूक लागली आणि आमचं वर्कशॉप मतदान यंत्रं ठेवायला घेतलं. दार जाड, खिडक्यांना गज, म्हणून सगळ्यांना तेच पसंत पडलं. मतदानापासून मोजणीपर्यंत तीन आठवडे कुलूप, त्यावर लाखेचं सील आणि बाहेर बंदूकवाला पहारा. लेथ आत, व्हाइस आत आणि माझी खुर्चीही आत. एकदा चष्म्याचं घर आत राहिलंय म्हणून विचारायला गेलो, तर पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, "गुरुजी, आता आत कलेक्टरसायबांचंबी काय राहिलं असलं तर त्यांनाबी मिळणार न्हाई."

हॉस्टेलही निवडणुकीच्या माणसांना दिलं होतं. पोरं आपापल्या गावी गेली आणि वरून कागद आला, की या काळात प्रशिक्षण ऑनलाइन घ्यावं. मला हसू आलं. कानस काय फोनवरून शिकवतात? पण तीन आठवड्यांनी प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि तिच्याआधी माझे गुण पोर्टलवर चढायला हवे होते. कानशीच्या कामात नापास, तर हॉल तिकीट नाही आणि वर्ष गेलं. आता सुटका नाही म्हटल्यावर मी बाह्या सरसावल्या. सील लागायच्या आदल्या दिवशी अडगळीतले छोटे व्हाइस काढले, कोऱ्या कानशी काढल्या, प्रत्येकाला एक व्हाइस, एक कानस आणि एक लोखंडाची पट्टी सही घेऊन दिली. म्हटलं, घरात जी वस्तू हलत नसेल तिला व्हाइस आवळा.

फोनवर वर्ग कसा भरवायचा हे मला संगणक ट्रेडच्या मुलाणी मॅडमनी शिकवलं. नाजनीन मुलाणी. वयाने माझ्या मुलीएवढी, पण समजावताना कधी "सर, हे तर सोपं आहे" असं म्हणाली नाही, म्हणून मला आवडायची.

"सर, मुलांचे कॅमेरे चालू ठेवू या ना," ती म्हणाली. "हात दिसतील त्यांचे."

"हात बघून काय कळतंय, मॅडम? फोन व्हाइसपासून वीतभर लांब ठेवायचा आणि पन्नास हात मारायचे. एकेकाने. मी ऐकतो. कॅमेरे बंद."

"बरं," ती म्हणाली. तिला पटलं नव्हतं, पण मी वयाने मोठा होतो.

अशी ती व्यवस्था. दुसऱ्या दिवशीही अस्मिता काळेलची तीच तऱ्हा. "चालू करते," मग शुकशुकाट, मग "झाले पन्नास." तिसऱ्या दिवशी मी चिडलो. अख्ख्या वर्गासमोर म्हणालो, "काळेल, तुझा शब्द न् शब्द मला ऐकू येतो. म्हणजे फोन बरा आहे. फक्त कानस ऐकू येत नाही. याचा अर्थ मी काय घ्यायचा?"

"सर, मी खरंच मारतेय."

"मला बहिरा समजतेस?"

"नाही, सर."

"मग मला येडा समजतेस. एकतीस वर्षांत माझ्यापुढे नाटक करून कोणी पास झालेलं नाही. मुलगी आहेस म्हणून सूट मिळेल असं वाटत असेल, तर आत्ताच सांगतो, मिळणार नाही. दहापैकी शून्य."

फिटरला ती एकटीच मुलगी होती. हे वाक्य बोलायला नको होतं. बोललो खरा.

मला वाटलं, आता रडेल किंवा उद्यापासून यायची बंद होईल. दुसऱ्या दिवशी बरोबर आठला तिचा आवाज आला. "सर, अस्मिता काळेल. चालू करते." दीड मिनिट शांतता. "सर, झाले पन्नास."

"शून्य," मी म्हणालो.

"हो, सर," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी तेच. सहाव्या, सातव्या दिवशीही तेच. ती एकही दिवस चुकली नाही आणि एका शब्दाने उलट बोलली नाही. मीही हट्टाला पेटलेलो. मी शून्य म्हणायचो, ती "हो, सर" म्हणायची. तिचा तो "हो, सर" मला दिवसभर खडा लागल्यासारखा टोचायचा.

"अहो, त्या पोरीला रोज काय शून्य देताय?" इंदूने एकदा विचारलं.

"नाटकं करते. कानस मारतच नाही."

"नाटकी माणूस दोन दिवस करेल, तीन दिवस करेल. आज बारावा दिवस आहे."

"तुला कानशीतलं काय कळतं?"

"कानशीतलं नाही कळत. पोरींचं कळतं," असं म्हणून ती आत गेली.

शनिवारी संध्याकाळी पाचला पोर्टल बंद होणार होतं. मुलाणी मॅडमनी सगळ्यांचे गुण आधीच भरून ठेवले होते, शेवटचं बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं. शुक्रवारी सकाळी, वर्ग संपल्यावर, मला एका अनोळखी नंबरवरून साधा फोन आला.

"सर, काळेल बोलतेय. हा आईचा फोन आहे." तिला ओरडून बोलावं लागत होतं. मागे काहीतरी प्रचंड घरघरत होतं. "सर, उद्या मी जॉब घेऊन येऊ का? एकदा बघा तरी."

जॉब म्हणजे घासलेला तुकडा. मी म्हणालो, "तुकडा मला कोणीही घासून देईल. तुझ्या गावात ट्रॅक्टरची दोन गॅरेजं आहेत, मला माहीत आहे. मी तुकड्याला गुण देत नाही, हाताला देतो. आणि तो कसला आवाज चाललाय? मोठ्याने बोल."

"गिरणी आहे, सर! आमचीच पिठाची गिरणी! सकाळी सातला सुरू होते ती बारापर्यंत!"

"मग बाहेर येऊन बोल ना."

"आत्ता नाही येता येत, आई डबे उतरवतेय. सर, मी रोज इथंच कानस मारते. गिरणीच्या चौकटीलाच व्हाइस आवळलाय. तुम्ही म्हणाला होता ना, हलणार नाही अशी वस्तू—"

"बरं, बरं. नंतर बोलू," म्हणून मी फोन ठेवला.

ठेवला आणि चहा घ्यायला उठलो. कपाला हात लावला आणि तसाच उभा राहिलो. रोज सकाळी आठला ही मुलगी गिरणीत उभी असते. गिरणी सातला सुरू होते. मग गेले चौदा दिवस त्या फोनवर मला गिरणी का ऐकू आली नाही? कानस नाही ऐकू आली, ठीक आहे, मुलगी लबाड आहे असं धरलं. पण गिरणीला नाटक कुठून येणार? शांत घर आहे तुझं, टाचणी पडली तरी ऐकू येईल, असं मीच म्हणालो होतो.

मी मुलाणी मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"सर, तिच्याकडे फोन कुठला आहे?"

"मला काय माहीत? तिची थोरली बहीण नर्स आहे, तिने तिचा नवा दिलाय म्हणे."

"मग झालं," मॅडम म्हणाल्या. "सर, नव्या फोनवर हे ॲप आजूबाजूचा गोंगाट काढून टाकतं. मीटिंगमध्ये पंखा, गाड्या, मिक्सर ऐकू येऊ नये म्हणून. फक्त माणसाचं बोलणं पुढे पाठवतं. बाकी सगळं त्याच्या लेखी कचरा."

"कानससुद्धा?"

"कानससुद्धा, सर."

"मग बाकीच्यांची कशी येते?"

"बहुतेकांचे फोन जुने आहेत. त्यांना ते झेपत नसेल. तिची सेटिंग बदलता येईल, मी सांगते तिला. एका मिनिटाचं काम आहे."

एका मिनिटाचं काम होतं आणि मी चौदा दिवस शून्य वाटत बसलो होतो. मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, कॅमेरा चालू असता तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं."

फोनवर सेटिंग बदलून, शनिवारी ऐकून गुण देता आले असते. पण मला ते सोपं वाटलं आणि म्हणूनच नको वाटलं. सगळ्यांसमोर अपमान केला होता, तो घरबसल्या कसा फेडणार? शनिवारी सकाळी स्कूटर काढली, खिशात सपाटी तपासायचा गुण्या टाकला आणि चौदा किलोमीटर पांगरेवाडी गाठली.

गिरणी शोधावी लागली नाही. वेशीपासूनच ऐकू येत होती. आत सात-आठ बायका डबे घेऊन रांगेत. अस्मिताची आई कलावतीबाई चाळणीपाशी उभी, भुवयांवर, पापण्यांवर पीठ. आणि मागच्या बाजूला गिरणीच्या लोखंडी चौकटीला माझा भंगारातला व्हाइस आवळलेला आणि त्यापुढे गळ्यात वर्गाचे इअरफोन लटकवलेली अस्मिता उभी.

"बसा, गुर्जी!" कलावतीबाई ओरडल्या. "घरात दुसरं काय जड न्हाई बघा! पलंगाला बांधलं तर पलंगच चालाय लागला! मग म्हनलं, बांध हितंच!"

मला खुर्ची म्हणून तेलाचा रिकामा डबा पालथा घालून दिला. मी त्यावर बसलो आणि सवयीने अस्मिताकडे पाठ केली.

"पन्नास हात!" मी ओरडलो.

मी डोळे मिटले आणि कान दिला. आणि मला काहीही ऐकू आलं नाही. फोन नव्हता, ॲप नव्हतं, मुलगी माझ्यापासून चार हातांवर होती. गिरणीच्या घरघरीत माझा तो नावाजलेला कान पार बुडाला. समोर रांगेतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मास्तर डोळे मिटून पोरीकडे पाठ करून का बसलाय, ते त्यांना समजत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही समजत नव्हतं.

खांद्यावर बोट टेकलं. "सर, झाले पन्नास!"

"परत मार!" मी म्हणालो, आणि डबा फिरवून तिच्याकडे तोंड करून बसलो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी कोणाला तरी कानस मारताना पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत बघत होतो.

डावा पाय पुढे, बरोबर जागी. कोपर अंगाशी. पण खरी गंमत डाव्या हातात होती. कानशीच्या टोकावर तिने तळवा दाबला नव्हता, नुसता टेकवला होता, आणि प्रत्येक हाताला तो जरासा वर-खाली होत होता. ती कानशीकडे बघतही नव्हती.

"तुला कानस ऐकू येते का गं?" मी तिच्या कानाशी ओरडलो.

"नाही, सर! इथं कोणालाच काही ऐकू येत नाही!"

"मग पोट येतंय का नाही, ते कसं कळतं?"

"तळव्याला कळतं, सर! कानस डुलली की अंगठ्याच्या मुळाशी धक्का बसतो! तो बसू द्यायचा नाही!"

हे मी तिला शिकवलं नव्हतं. हे मला बाबूराव मिस्त्रींनीही शिकवलं नव्हतं. मी खिशातून गुण्या काढला, तिचा जॉब व्हाइसमधून सोडवला आणि दारात जाऊन उन्हाकडे धरला. गुण्याची पाती तुकड्यावर ठेवायची आणि मधून उजेड दिसतो का बघायचं. दिसला तर खड्डा किंवा पोट. मी उभं लावून बघितलं, आडवं लावून बघितलं, कर्णावर लावून बघितलं. उजेड नव्हता. मग तिची कानस हातात घेतली. मधले दाते झिजून चकचकीत झाले होते. दिवसाला पन्नास हात मारून कानस अशी होत नाही.

"किती मारतेस रोज?"

"काय, सर?"

"रोज किती हात मारतेस?"

"तुम्ही शून्य म्हणायचात ना, सर! मला वाटलं, बरोबर हात पडला तर गिरणीतूनसुद्धा तुम्हाला कानस ऐकू येईल, माझाच हात कच्चा आहे! म्हणून वर्ग झाल्यावर पाचशे मारायचे!"

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं. तिच्या तळहातावर चिंधी बांधलेली होती आणि चिंधीवर पीठ आणि लोखंडाचा कीस मिसळून राखाडी रंग झाला होता. मला इतकी लाज वाटली, की बायकांच्या रांगेकडे मला बघवेना.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"काय, सर?"

"चुकलं माझं!"

तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि कान पुढे केला. मी छाती भरून घेतली आणि ओरडलो, "अगं, चुकलं माझं!"

नेमक्या त्याच वेळी कलावतीबाईंनी, मास्तरांचं काय चाललंय ते तरी ऐकू यावं म्हणून, गिरणीचा खटका खाली ओढला होता. माझं वाक्य त्या शांततेत सगळ्या पांगरेवाडीला ऐकू गेलं. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "काय चुकलं ओ मास्तरांचं?" कलावतीबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "असू दे की. कबूल तर केलं." आणि अस्मिता, जी माझ्या प्रत्येक शून्याला "हो, सर" शिवाय काही बोलली नव्हती, ती वळली आणि व्हाइसचा दांडा उगीचच घट्ट आवळत राहिली. तिचे डोळे मला दिसू नयेत म्हणून.

आठ वाजत आले होते, आणि कलावतीबाई वर्ग होईपर्यंत गिरणी बंद ठेवायला तयार होत्या. मी म्हणालो, "तुझा फोन आण. आजचा वर्ग इथून घेऊ."

फोन तिने पिठाच्या पिंपावर उभा केला. या वेळी मी त्याच्यासमोर बसलो. "आज सगळ्यांनी कॅमेरे चालू करा," मी म्हणालो. "हात नंतर. आधी प्रत्येकाने आपापली कानस दाखवा. दात्यांची बाजू, जवळून."

एकेक चौकोन उजळला. काही कानशी अर्ध्या झिजलेल्या, काही थोड्या. कोणी बैलाच्या गोठ्यात, कोणी शिडीला व्हाइस बांधलेला. मला पोरांची घरं पहिल्यांदा दिसली. विश्वजीत गोरडचा कॅमेरा सगळ्यांत शेवटी चालू झाला. त्याची कानस कोरी होती. दात्यांत स्टोअरमधलं पिवळं ग्रीस अजून तसंच होतं.

"गोरड, पन्नास हात मार," मी म्हणालो.

"सर, ते... आज जरा खांदा..."

"सतराव्या हाताला घसरतोस ना रोज? रोज, बरोबर सतराव्याला?" मला ते चौदाही दिवस ऐकू आलं होतं. माणूस रोज एकाच हाताला घसरत नाही, हे मात्र मला सुचलं नव्हतं. "कोणाचा हात आहे तो?"

तो खाली बघत म्हणाला, "चुलत्याचा, सर. ते कारखान्यात फिटर आहेत. पहिल्या दिवशी रेकॉर्ड करून ठेवलं होतं."

चौदा दिवस मी एका रेकॉर्डिंगला दहापैकी नऊ दिले होते. अस्मिता माझ्यामागे उभी होती. हसली असती तर मी काही म्हणालो नसतो, पण ती हसली नाही.

"पुस ते ग्रीस," मी विश्वजीतला म्हणालो. "कॅमेरा चालू ठेव. दुपारी चारपर्यंत मी इथून हलत नाही, आणि तूही हलायचं नाहीस. तुझे गुण आज तुझ्याच हाताने कमवायचे. काळेल, याचं कोपर बघ जरा, वर जातंय का."

"जातंय, सर," ती म्हणाली, आणि फोनच्या जवळ वाकली. "विश्वजीत, तळवा दाबू नको. नुसता टेकव."

चारला त्याच्या पट्टीची एक बाजू जेमतेम सरळ झाली. त्याचे नऊ खोडून मी पाच दिले आणि ते खरे पाच होते. मग मुलाणी मॅडमना फोन करून अस्मिताच्या चौदाही शून्यांच्या जागी काय भरायचं ते सांगितलं. त्यांनी भरलेलं मला वाचून दाखवलं, आणि मी म्हणालो, "दाबा बटण."

मोजणी होऊन वर्कशॉपचं सील निघालं. शिपायाने कुलूप काढलं तशी पोरं आत घुसली. तीन आठवड्यांची धूळ होती, आणि कोपऱ्यात माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून तशीच बसलेली. मी ती उचलली, फिरवली आणि व्हाइसच्या रांगेसमोर ठेवली. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

निवृत्त होईपर्यंत ती खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळली नाही. पण त्या पहिल्या दिवशी मी तिच्यावर बसलो, पाय पसरले आणि हात बघायला लागलो, तोच पहिल्या व्हाइसवरून अस्मिता गुण्या उंच धरत म्हणाली,

"सर, जरा बाजूला सरकता का? तुम्ही उजेडात बसलाय."

मी खुर्ची सरकवली.